कचऱ्याच्या टाकीत सोडलेला कंदील

कंदील टाकीत पुरता उतरलाच नाही. झाकणाच्या भोकातून हातभर आत गेला असेल नसेल, तोच त्या भोकातून माणसाच्या उंचीएवढा जाळ वर आला. आवाज फार मोठा नव्हता. ओलं पोतं माळ्यावरून खाली टाकावं तसा दबका झाला. कंदिलाचा दोर माझ्या नवऱ्याच्या हातात होता. माझा धाकटा दीर भोकावर वाकून आत बघत होता, कारण ज्योत बघायचं काम नेहमी त्याच्याकडे असायचं. जाळ त्याच्या तोंडावर आला. तो मागे पडला, मग आपला आपण उठून बसला आणि म्हणाला, "कंदील इजला का?"

त्याला दिसत नव्हतं. आपल्याला दिसत नाही हे त्याला अजून कळलं नव्हतं.

मी आणि माझी जाऊ शेडमध्ये कचरा निवडत होतो, तिथून धावलो. जाऊ वयानं लहान, ती आधी पोचली. दिराचे केस पेटले होते ते तिनं स्वतःच्या पदरानं दाबून विझवले. मी ओलं गोणपाट नवऱ्याच्या हातांवर टाकलं. पाणी घाला, पाणी घाला असं बायका ओरडत होत्या, पण नळाला पाणी नव्हतं, कारण लाईट गेली होती आणि मोटार बंद होती. वीज करायच्या कारखान्यात लाईट नव्हती. हे मला तेव्हा सुचलं नाही, पुढं दवाखान्यात बसून राहिल्यावर सुचलं.

बाजाराचा कचरा आणणारा भोरचा टेम्पोवाला नुकताच टेम्पो रिकामा करून हात धूत होता. मुसलमान माणूस, आम्ही त्याला भाई म्हणायचो. हौदा भाजीच्या चिखलानं माखलेला होता. त्यानं स्वतःच्या बसायच्या जागेवरची सतरंजी काढून हौद्यात अंथरली. मी तोंडानं काहीतरी बडबडत होते वाटतं, कारण तो म्हणाला, "वहिनी, रडायचं मागनं. आधी पाय धरा." मी दिराचे पाय धरले. दोघा भावांना आम्ही टेम्पोत घातलं आणि पुण्याला नेलं.

आता हा कारखाना कसला आणि माझा नवरा तिथं टाकीवर काय करत होता, ते सांगते.

आम्ही मूळचे हिर्डोशीच्या बाजूचे. भात आणि नाचणी करणारी माणसं. खाचरं धरणात गेली तेव्हा आम्ही खाली हायवेकडं आलो आणि शिवऱ्याच्या आसपास मिळेल ते काम करू लागलो. नवरा आणि दीर उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढायचे. ते काम आमच्याकडं पहिल्यापासून होतं. त्याची एक रीत होती. बरीच वर्षं बंद पडलेली विहीर असली की आधी दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. थोरल्यानं दोर धरायचा, धाकट्यानं वाकून ज्योतीकडं बघायचं. ज्योत शांत जळाली तर उतरायचं. ज्योत बारीक होऊन विझली तर आत हवा नाही, त्या दिवशी उतरायचं नाही. एकदा आंबवड्याच्या वाटेवर एका मळ्यात कंदील विझला, तेव्हा मळेवाला या दोघांना हसला होता. आत हवा असणारच, एवढे बापे गडी आणि दिव्याला भितात म्हणाला. नवऱ्यानं दोर गुंडाळला आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी मळेवाल्यानं दुसरे गडी उतरवले. त्यातला एक वर आला तो खाटेवरूनच. तेव्हापासून आमचे दोघे कंदिलाशिवाय कुठल्याच खड्ड्यात पाय टाकेनात.

मग हायवेपासून थोडं आत हा कारखाना झाला. त्याआधी एक साहेब गावात येऊन देवळासमोर सभा घेऊन गेला. तरुण होता, शिकलेला, बोलायला चांगला. म्हणाला, पुण्याकडचा आणि भोरचा बाजाराचा कचरा इथं आणायचा, मोठ्या बंद टाकीत कुजवायचा, त्यातून निघणारा वायू धरायचा, त्यावर इंजिन चालवायचं आणि वीज करायची. गोबरगॅससारखंच, फक्त मोठं. ते काही कोणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पैशाचं. पैसे परदेशातली एक बँक देणार होती. कुठल्या देशाची ते त्यानं सांगितलं, पण मला ते नाव तेव्हाही तोंडात बसलं नाही. आपल्यासारख्या देशांनी कोळसा कमी जाळावा, कचऱ्याचं काहीतरी करावं, म्हणून ती बँक स्वस्तात कर्ज देते म्हणे.

सभेत एक म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "आमच्या म्हशीवर हितली बँक कर्ज देत न्हाई. आन तिच्या शेणावर इलायतेची बँक देतीया. म्हंजी म्हशीपरास शेण मोठं झालं म्हणा की."

सगळे हसले. साहेबही हसला. तो माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते.

बँक सगळे पैसे एकदम देत नव्हती. थोडे दिले की तिची माणसं विमानानं यायची, बघून जायची, मग पुढचे. पहिल्या पैशात टाकी आणि शेड झाली. इंजिन आणि टाकीतला ढवळणारा दांडा बोटीनं आला. पुढच्या पैशासाठी त्यांना चालू वीज दाखवायला लागणार होती.

आणि वीज काही धड होईना. ती यंत्रं जिथं केली तिथला कचरा कसा असतो ते मला माहीत नाही. आमच्या कचऱ्यात हारांचे दोरे यायचे, नारळाच्या शेंड्या यायच्या, चुलीची राख यायची, माती तर पाटीनं यायची. सणवार झाला की हारांचा ढीग पडायचा. आम्ही बायका दिवसभर बसून ते हातानं काढायचो. कितीही काढलं तरी दोरा राहायचाच. तो दांड्याला गुंडाळायचा, वर शेंडी बसायची, आणि दांडा फिरायचा थांबायचा. मग वायू कमी यायचा, इंजिन दोन-चार गचके देऊन बंद व्हायचं. साहेब डोक्याला हात लावून पायरीवर बसायचा. कधी कधी आमच्यातलीच भाकरी खायचा. घरचा डबा खाली जात नाही म्हणायचा.

बँकेची माणसं येणार असं कळलं आणि दांडा परत अडकला. पुण्याहून मोठ्या साहेबाचे मोबाईलवर फोनवर फोन. शेवटी ठरलं की टाकी रिकामी करायची, आत माणूस उतरवायचा आणि गुंडाळलेला दोरा कोयत्यानं कापून काढायचा. आता आमच्या भागात खड्ड्यात उतरायचं म्हटलं की माणसं माझ्या नवऱ्याचं नाव सांगायची. तो तिथं तसा रोजावर खड्डे, गटारं काढायला होताच.

आतली स्लरी, म्हणजे कुजलेल्या कचऱ्याचं पातळ पाणी, पंपानं उपसून टाकली. नवऱ्यानं साहेबाला विचारलं, आत हवा बरी आहे का. साहेब म्हणाला टाकी रिकामी आहे, झाकणाचं भोक कालपासून उघडं आहे, हवा असणारच. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला आणि रेंज मिळावी म्हणून तो हायवेच्या बाजूला वर गेला. नवऱ्याचं नुसत्या बोलण्यावर समाधान होणारं नव्हतं. हवा असणारच असं मळेवालाही म्हणाला होता. त्यानं वॉचमनच्या खोलीतून कंदील मागवला, पेटवला, दोर बांधला. भाऊ नेहमीसारखा वाकला.

वायू पेटतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यावर तर इंजिन चालायचं. पण वायू स्लरीतून निघतो, स्लरी काढली म्हणजे वायूही गेला, अशी त्यांची समजूत. राहिली ती रिकामी विहीर. आणि रिकाम्या विहिरीत माणूस आधी काय करतो? दिवा सोडतो. दुसऱ्या गावचा, दुसऱ्या धंद्यातला कोणी असता तर तसाच उतरला असता, किंवा उतरलाच नसता. हे दोघं सावध होते म्हणून भाजले. आजवर मी पुष्कळ डोकं लावलं, पण यापलीकडं मला यात काही सापडलं नाही.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात भाजलेल्यांचा वेगळा वॉर्ड होता. नवऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत आणि थोडी छाती. दिराचं तोंड, मान, छाती, आणि डॉक्टर म्हणाले की त्यानं श्वासाबरोबर जाळ आत घेतला आहे, ते जास्त वाईट. आम्हाला आत थोडाच वेळ सोडायचे. पहिल्या दिवशी दीर बोलत होता. डोळ्यांवर पट्टी, ओठ सुजलेले.

"वहिनी, मिशी राहिली का वं?" त्यानं मला विचारलं.

मी काही बोलायच्या आधी जाऊ म्हणाली, "न्हाई राहिली. बरं झालं, टोचत हुती."

तो हसायला गेला आणि त्याला खोकला आला. नर्सनं आम्हाला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. त्याच्याबरोबर कंपनीचा पुण्याचा माणूस होता, इस्त्रीचे कपडे घातलेला. साहेब आमच्याजवळ व्हरांड्यात फरशीवर बसला. तो दुसरा उभाच राहिला. साहेबानं जे सांगितलं ते असं. बँकेची माणसं येणार आहेत, त्यांचं येणं आता बदलत नाही. अपघाताचं त्यांच्या कानावर घातलेलं आहे आणि ते दवाखान्यातही येतील. कंपनीनं धोक्याची सूचना दिली नव्हती असं निघालं तर बँक हात आखडता घेणार. मग शेड बंद, सगळ्या बायकांचं काम बंद. आणि दिराला खाजगी दवाखान्यात हलवायचं चाललं आहे, तेही मग कंपनीला जमणार नाही. त्यामुळे त्यांनी विचारलंच तर एवढंच म्हणायचं, की दिरानं टाकीजवळ बिडी पेटवली. मावशी, एवढंच, असं म्हणताना साहेब माझ्याकडं बघत नव्हता, फरशीकडं बघत होता.

मी म्हटलं, सांगते. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. माणूस जगत असेल तर मी आकाशातून चांदणी पडली म्हणूनही सांगितलं असतं.

जाऊ म्हणाली, "म्या न्हाई म्हणणार. त्यांनी जल्मात बिडी वढली न्हाई."

"म्हणाया तुजं काय जातंय?" मी म्हटलं.

"मग तुमच्या मालकांचं नाव सांगा की, बाई. ते वढत्यात तरी."

मी म्हटलं, बरं, त्यांचं सांगू. तर तो इस्त्रीचा माणूस वरून बोलला की ते पटणार नाही, ज्याच्या तोंडाला लागलं आहे त्याचंच नाव पाहिजे. त्यानं सगळं बसवून आणलं होतं.

ते दोघे गेल्यावर आमची बाचाबाची झाली. जाऊ म्हणत होती की तो सावधपणानं वागला आणि उद्या गावात म्हणणार की बिडीपायी भावाला घेऊन जळाला. मी म्हटलं, "भावजी बरे हुतील तवा मला शिव्या देतील. आधी शिव्या द्याया माणूस ऱ्हाऊ दे." ती भिंतीकडं तोंड करून बसली. संध्याकाळी मी चहा आणला तो तिनं घेतला, पण भिंतीकडंच तोंड करून प्यायली.

शेडमधल्या दोन बायका भाकरी घेऊन आल्या. त्यांच्याकडून तिकडचं कळलं. सगळ्यांना रबरी हातमोजे वाटले होते. ते घालून दोरा चिमटीत येत नाही, म्हणून बायका ते कमरेला खोचून काम करत होत्या. शेडला चुना मारला होता. आणि शेडच्या मागं डिझेलचं भाड्याचं जनित्र आणून ठेवलं होतं, त्यावर पाहुण्यांना दिवे लावून दाखवायचे होते. जाताना त्यातली एक मला बाजूला घेऊन म्हणाली, काय सांगायचं ते जपून सांग, आमचीबी पोटं हायत. तिनं धमकी दिली नाही. खरं तेच बोलली.

बँकेची माणसं आली ती दुपारी. आमच्याकडं एक बाईच आली, बरोबर पुण्याची एक मुलगी, तिचं बोलणं मराठीत सांगायला. मागं साहेब आणि तो इस्त्रीचा माणूस. बाई माझ्याच वयाची असावी. केस पांढरे, आखूड कापलेले. पाय बुटातून सुजून वर आले होते. बाकावर बसताना तिनं हुश्श केलं, ते मात्र कुणाला मराठीत सांगावं लागलं नाही. ती माझ्याकडं न बघता जावेकडं बघून बोलायला लागली, कदाचित जाऊ तरुण म्हणून, कदाचित तिचा माणूस जास्त भाजला म्हणून.

मी तयार होते. जाऊ नाही म्हणाली की मध्ये पडून बिडीचं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. जाऊ काय ठरवून बसली होती ते तिच्या हनुवटीवरून दिसत होतं.

बाईनं विचारलं की कारखान्यात बायकांना संडास आहे का. जाऊ म्हणाली आहे. हातमोजे मिळतात का. मिळाले म्हणाली. पगार बाईच्या हातात देतात का नवऱ्याच्या. बाईच्या. कारखान्यासाठी कुणाचं घर उठवलं का. नाही, आमचं उठलं ते धरणासाठी, आधीच. वासाचा त्रास होतो का. होतो की, कचरा आहे. बाई एकेक ऐकून मान हलवत होती आणि पुढं जात होती. साहेबाच्या कपाळावर घाम होता. मी वाट बघत होते. आता येईल, आता येईल. आग कशी लागली, हे काही आलंच नाही.

शेवटी ती मुलगी म्हणाली, तुम्हाला स्वतःहून काही सांगायचं आहे का?

जाऊ म्हणाली, "आमचे हे बिडी वढत न्हाईत."

मुलगी गोंधळली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी गप्प राहिले. कोणी विचारलंच नव्हतं तर मी खोटं तरी कशावर बोलणार? मुलीनं ते परदेशी बाईला सांगितलं. बाईनं जावेकडं बघून मान हलवली आणि काहीतरी बोलली.

"चांगली सवय आहे म्हणतात," मुलगी म्हणाली.

मग बाई उठली. वॉर्डाच्या दाराला काच होती, तिथं बराच वेळ उभी राहून आत बघत होती. काय दिसलं तिला, कोण जाणे. परत येताना तिनं जावेच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्या नाही, आणि ते सगळे जिन्यानं खाली गेले. मी त्या बाईवर कधी रागावले नाही. तिला जे विचारायचं नेमून दिलं होतं ते तिनं विचारलं. विमानानं येऊन, सुजलेल्या पायांनी जिना चढून विचारलं. इथल्या कुणी तेवढंही विचारलं नव्हतं.

बँकेनं पुढचे पैसे दिले. साहेबानंही शब्द पाळला. दिराला खाजगी दवाखान्यात हलवलं, तिथं एसी होता, पांढऱ्याशुभ्र चादरी होत्या, नळी घालून श्वास देत होते. साहेब रोज येऊन जायचा आणि जावेशी बोलायची हिंमत नसल्यानं मला विचारून जायचा. दीर त्यानंतर बोलला नाही. छाती आतून जळली होती, त्याला चादरी काय करणार. एका सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि आम्हाला कळलं.

पेटीतून त्याला गावाकडं नेताना गाडीत जाऊ मला म्हणाली, "बाई, म्या तसं सांगितलं म्हणून तर न्हाई ना?"

मी म्हटलं, "न्हाई. तुजं त्यांना कळलंबी न्हाई." ती त्यावर रडली. मला वाटलं होतं बरं वाटेल.

कारखान्यात टाकीभोवती जाळी बसली आणि आग आणू नये अशी मोठी पाटी लागली. आम्ही दोघी पुन्हा तिथंच कामाला गेलो, दुसरं काय करणार होतो? काही वर्षं तो चालला, चालला म्हणजे चार दिवस चालायचा आणि आठ दिवस बंद. पाहुणे यायचे बंद झाले तसा दुरुस्तीला पैसा येईना. साहेब नोकरी सोडून गेला. जाताना नवऱ्याला भेटून गेला, हात बघितले आणि चहा पिऊन गेला. मग इंजिन कोणीतरी काढून नेलं. शेडमध्ये आता एका व्यापाऱ्याचा कांदा असतो.

नवऱ्याच्या हातांची बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. त्याला भाकरी मोडता येत नाही, मी मोडून देते, मी नसले तर जाऊ देते. ती आमच्यातच राहते. दोघा भावांतला थोरला जगला.